स्वखुशीने

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. अक्षर वाईट असतं तर त्या पत्रात मी गरजेपुरतं खरडलं असतं, सही ठोकली असती आणि आज माझ्याकडेही एक पांढरा लॅब कोट असता.

ही कोरोनाच्या साथीच्या आधीची गोष्ट. ओहायोतल्या एका लहान गावात, हायड्रॉलिक व्हॉल्व बनवणाऱ्या कारखान्यात मी तेवीस वर्षं शेवटच्या तपासणीला होते. माल खोक्यात भरण्याआधी ज्या टेबलावरून जायचा ते टेबल माझं. माझं आणि माझ्या कामावरच्या जोडीदारणीचं. ती त्याच गावात जन्मलेली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जावा. आमच्या हातात दोन टोकांचं एक पोलादी गेज असायचं. एक टोक व्हॉल्वच्या भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. दिवसाला शेकडो भोकं. लोकांना वाटतं कंटाळा येत असेल, पण मला कधी आला नाही. गेज आत सरकताना बोटांना जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही. अजूनही बरणीचं झाकण लावताना माझी बोटं क्षणभर थांबतात आणि आटे नीट बसले का ते बघतात. त्या टेबलाची मला इतकी आठवण येते की कुणाला सांगायची लाज वाटते.

त्याहून जुनी आठवण दुसऱ्या एका टेबलाची आहे. कराडच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मायक्रोबायॉलॉजी. खिडकीजवळचा तिसरा मायक्रोस्कोप माझा. त्याचा बारीक फिरवायचा स्क्रू सैल होता, तो कसा धरायचा ते फक्त मला जमायचं. डिसेंबरात लग्न ठरलं. बैठकीत सासऱ्यांनी वडिलांना शब्द दिला, "शिक्षणाचं काय, तिकडे गेल्यावर पूर्ण करेल की." तिकडे आल्यावर मुलगी झाली, मग ह्यांची नोकरी गेली आणि मिळाली, मग मला कारखान्यात काम मिळालं. शब्द कुणी मोडला नाही. त्याची आठवण कुणी काढली नाही, एवढंच.

त्या उन्हाळ्यात आमच्याच कंपनीच्या चाकणच्या युनिटमधून एक इन्स्पेक्टर सहा आठवड्यांसाठी आली. तिशीची, मूळची कोल्हापूरची, आठ दिवस सँडविच खाऊन वैतागलेली. प्रोसेस समजून घ्यायला आली आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं आणि तिला माझ्याशेजारी बसवलं. मी मराठी आहे हे कळल्यावर तिचा चेहरा असा उजळला की मी त्याच शनिवारी तिला घरी जेवायला बोलावलं. तेव्हापासून मी तिची मावशी झाले.

तेवीस वर्षांत त्या शेडमध्ये मी मराठीचा एक शब्द बोलले नव्हते. आता दिवसभर बोलत होते. गेज कसं धरायचं, कुठे बोट सैल सोडायचं, थंडीत सकाळच्या पहिल्या तासातली मापं परत का घ्यायची, सगळं सांगितलं. मॅन्युअलमध्ये नसलेलं तर जास्त हौसेने सांगितलं. आपण शिकवताना हात राखत नाही, ह्याचा मला अभिमानच वाटत होता.

जोडीदारीण बघत होती. एकदा कॉफी पिताना म्हणाली, "तू तिला तुझं काम देऊन टाकते आहेस. कळतंय ना तुला?"

"पाहुणी आहे ती," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तर तिला तुझ्यापाशी बसवलंय."

मग तिनेच मला त्या सरकारी योजनेबद्दल सांगितलं. काम परदेशी गेल्यामुळे, नाहीतर बाहेरून आलेल्या स्वस्त मालामुळे कारखान्यातल्या लोकांची नोकरी गेली, तर सरकार त्यांना नवं काही शिकायला कॉलेजात पाठवतं. दोन वर्षं. शिकताना घर चालावं म्हणून भत्ताही देतं. तिच्या मावसभावाला मिळालं होतं, तो आता रेफ्रिजरेटर दुरुस्त करतो. "आपण दोघी लॅब टेक्निशियनचा कोर्स करू," ती म्हणाली. "आयुष्यभर भोकांत डोकावलो, आता रक्तात डोकावू." अर्ध्या तासावर कम्युनिटी कॉलेज होतं आणि तिथे तो कोर्स होता. मी तिला खिडकीजवळच्या तिसऱ्या मायक्रोस्कोपबद्दल सांगितलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. त्या दिवसापासून मी ते कॉलेज मनात धरून बसले. स्वतःच्या पैशाने शिकायचं म्हटलं तर ह्या वयात ते घरात मलाच मागता आलं नसतं. पण नोकरी गेल्यावर सरकार पाठवतं आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार होतं?

चौथ्या शनिवारी मी मटणाचा रस्सा केला होता. ती दुसऱ्यांदा वाढून घेता घेता थांबली. "मावशी, एक सांगू? रागावू नका. तिकडे शेड बांधून तयार आहे. तुमच्या टेबलाची मापं मीच घेऊन पाठवलीत."

पानावर बसलेल्या माणसाला काय बोलणार? "भाकरी घे अजून," मी म्हटलं. तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण तव्यावरची भाकरी करपत होती. तिने मला गळ घातली की हे कुणाला सांगू नका, तिची नोकरी जाईल. मी शब्द दिला.

ऑगस्टमध्ये गेजची पहिली खोकी निघाली. शिपिंगवाल्यांना चाकण लिहिता येईना, दर खोक्यावर नवीनच गाव तयार व्हायचं. शेवटी खोकी माझ्याकडे आणली, तुझं अक्षर चांगलं म्हणून. मी जाड काळ्या मार्करने सात खोक्यांवर लिहिलं, चाकण, पुणे, महाराष्ट्र, इंडिया. लिहिताना मला बरं वाटलं, हेही कबूल करते. ज्या मुलखातून मी आले तिकडे माझं टेबल परत चाललं होतं. मी इथेच राहणार होते.

मग गणपती आले. आमच्या गावात मराठी घर एकच, आमचं. गणपतीला आम्ही तासभर गाडी चालवून ओहायोतल्याच डब्लिनला मराठी मंडळात जायचो. तिथे सगळे डॉक्टर, आयटीतले, बँकेतले. मी 'क्वालिटीत आहे' असं सांगायचे. ते खोटं नव्हतं. त्यावरून त्यांनी मला ऑफिसात बसवलं असेल तर तो माझा दोष नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आमच्या डॉक्टर काकू भेटल्या. सत्तरीच्या, सगळ्या मंडळाची नाडी त्यांच्या हातात. "अगं, तुमच्या प्लांटमध्ये ले-ऑफ होणार म्हणे? तुला नाही ना काही? तू मॅनेजमेंटमध्ये ना?"

आजूबाजूच्या चार साड्या वळल्या. "छे हो काकू," मी म्हटलं, "मी तर रिटायरमेंटच घेतेय. पुरे झालं आता."

"बरं केलंस. आपल्या मर्जीने थांबण्यात शान असते." आणि त्यांनी माझ्या द्रोणात एक मोदक जास्त घातला.

हे माझ्या तोंडून का निघालं ते मला माहीत आहे. मी दहा वर्षांची असताना माझ्या वडिलांना इंजिनांच्या कारखान्यातून काढलं. त्यानंतर पाच महिने ते रोज आठच्या ठोक्याला डबा घेऊन बाहेर पडत, नदीवर घाटाच्या पायरीवर बसत, आणि साडेपाचला घरी येत. आईला माहीत होतं. आई रोज डबा भरून देत होती. आम्हा भावंडांनाही माहीत होतं. आमच्या घरात 'काढलं' हा शब्द त्या पाच महिन्यांत कुणी उच्चारला नाही, आणि नंतरही नाही. माणूस मेल्यावर लोक भेटायला येतात, पण नोकरी गेल्यावर घराचं दार आतून लोटून घ्यायचं, हे मी तेव्हा शिकले.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यातल्या एचआरच्या माणसाने मला बोलावलं. गोड बोलायचा. म्हणाला, "अजून काही ठरलेलं नाही. पण काही बदल होतील. तुझ्यासारख्या सीनिअर लोकांना आधीच रिटायर व्हायचं असेल तर दोन ओळींचं पत्र दे, आम्ही चांगला निरोप देऊ." मला तर हवंच होतं ते. मंडळात बोलून बसले होते, आता ते खरं होणार होतं. कॉलेजचं काय, हा प्रश्न मनात आला. पण मला वाटलं, तेवीस वर्षं इथे काम केलं, काम परदेशी गेलं, एवढं पुरे असणार. कसं गेलात हे कोण विचारतंय?

त्याने दोन ओळी मागितल्या होत्या. पहिल्या ओळीत मी तारीख घालून निवृत्त होत असल्याचं लिहिलं. मग कागद रिकामा दिसला. मग मी कॉन्व्हेंटमधल्या मुलीसारख्या गोल अक्षरात एक सुंदर इंग्रजी वाक्य लिहिलं, की हा निर्णय मी पूर्णपणे स्वखुशीने, कुटुंबाला वेळ देण्यासाठी घेत आहे. कुणी सांगितलं नव्हतं. घरात कुटुंब म्हणजे हे एकटे, आणि ते रोज साडेसहाला घरी येऊन बातम्या बघणार. मुलगी तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. पण वाक्य छान जमलं होतं.

निरोपाला केक आणला होता, त्यावर निळ्या क्रीमने शुभेच्छा होत्या. फोटो काढले, ते मी कराडच्या ग्रुपवर टाकले. भावाने तीन वेळा अभिनंदन लिहिलं. जोडीदारीण केक न खाता भिंतीला टेकून उभी होती.

आठ आठवड्यांनी शेड बंद झाली. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच कागदावर काढलं. डिसेंबरात एका दुपारी जोडीदारीण माझ्या स्वयंपाकघरात आली, बर्फाचे बूट दाराशी काढून, हातात अर्ज. योजनेसाठी निदान तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा असतो, मग वॉशिंग्टनहून चौकशी होते. "तू लिही," ती म्हणाली. "माझं लिहिलेलं मलाच वाचता येत नाही."

मी लिहिला. काम परदेशी गेलं हे कशावरून, असा रकाना होता. खोक्यांचं लिहिलं. किती खोकी, त्यांवर काय पत्ता होता, तो कुणी लिहिला. बाहेरून आलेल्या इन्स्पेक्टरला सहा आठवडे शिकवल्याचंही लिहिलं. माझ्या घरात जेवताना तिने जे सांगितलं ते नाही लिहिलं. तिसरी सही माझी.

वसंतात मंजुरी आली. कारखान्यातल्या सगळ्यांसाठी. जोडीदारणीने फोनवर असा आरडाओरडा केला की ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, कोण गेलं? मी त्या दिवशी शिरा केला. दोघी कॉलेजात जाऊन कोर्सचा कागद घेऊन आलो. मायक्रोस्कोपची लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे, हेही विचारून घेतलं.

मंजुरी कारखान्याची होते. मग प्रत्येकाने आपापला अर्ज द्यायचा असतो. तिचा मंजूर झाला. माझ्या घरी पातळ पाकीट आलं. मी पात्र नव्हते. कारण एका ओळीत होतं, कामाच्या अभावी कमी केलेलं नाही, स्वखुशीने नोकरी सोडली. खाली पुरावा म्हणून माझ्या पत्राची झेरॉक्स जोडली होती. अक्षर झेरॉक्समध्येही छान आलं होतं.

मुलगी फोनवर चिडली. "आई, यू शुड हॅव जस्ट सेड यू वर लेड ऑफ. इट्स नॉट अ क्राइम!" तिच्या ऑफिसात लोक ले-ऑफ झाल्याचं इंटरनेटवर सगळ्यांना सांगतात आणि वर हार्ट मिळवतात. तिला घाटाची पायरी कशी सांगणार?

अपील केलं. त्याची सुनावणी फोनवर होती, जुलैमधल्या एका सकाळी. जोडीदारीण माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पलीकडची अधिकारी बाई शांत आवाजाची होती, घाई करत नव्हती.

"हे वाक्य तुम्हीच लिहिलं?"

"हो."

"कुणी लिहायला सांगितलं होतं का?"

जोडीदारीण दोन्ही हातांनी खुणा करत होती, हो म्हण, हो म्हण. त्या गोड बोलणाऱ्या माणसाचं नाव घेणं सोपं होतं. पण त्याने खरंच सांगितलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

"त्या वेळी तुमची नोकरी जाणार आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

सांगितलं होतं. माझ्याच घरात, हातात भाकरी असताना. तिचं नाव घेतलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नसताही. ती चाकणला माझ्या मापाच्या टेबलाशी बसली होती आणि मी शब्द दिला होता. "कंपनीने नाही," मी म्हटलं. "मला अंदाज होता."

"मग काढेपर्यंत तुम्ही थांबला का नाहीत?"

मी म्हटलं, "मला लाज वाटली." बाईने आभार मानले. म्हणाली, निकाल पोस्टाने येईल. निकाल आला, तोच होता. त्यानंतर काही वर्षांनी ती योजना नव्या अर्जांसाठी बंदच झाली, तेव्हा तो विषयही संपला.

ऑगस्टअखेर जोडीदारणीचं कॉलेज सुरू झालं. तिच्या घरातली एकुलती एक गाडी तिचा मुलगा कामावर नेतो, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी मी तिला सोडायला जाऊ लागले. ह्यांना आश्चर्य वाटायचं. "तिथे दोन तास गाडीत बसून करतेस काय?" मी म्हणायचे, वाचते. मी त्या इमारतीकडे बघत बसायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या कुठल्या ते मला पाठ झालं होतं. आत गेलेली मुलं पाठीला सॅक लावून, कानात काहीबाही घालून कंटाळून चालायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. खरं सांगायचं तर मला जोडीदारणीचाही हेवा वाटायचा, आणि ती परत आली की मी तिला आज काय शिकवलं ते इतकं खोदून विचारायचे की ती म्हणायची, परीक्षा तूच दे.

ऑक्टोबरात एकदा ती चष्मा गाडीतच विसरली. चष्म्याशिवाय तिला मायक्रोस्कोपचा काय उपयोग, म्हणून मी वर गेले. लॅबचं दार काचेचं होतं. आत लांब टेबलं, एकेका टेबलाशी दोन-दोन स्टुलं, दोन-दोन माणसं. अर्धे चेहरे माझ्या ओळखीचे होते, आमच्याच शेडमधले. पॅकिंगमधला टकलू पांढरा कोट घालून बसला होता. माझी जोडीदारीण खिडकीजवळच्या टेबलाशी एकटीच होती. शेजारच्या स्टुलावर तिने स्वतःचा बाहेरचा कोट पसरून ठेवला होता, रुमाल टाकून जागा धरतात तसा.

मी दार ढकललं. शिकवणारी बाई, माझ्या मुलीच्या वयाची, हसून पुढे आली. तिला वाटलं मी उशिरा आले. "तुम्हीही प्लांटमधल्या का?"

"हो," मी म्हटलं. "मलाही काढलं."

इतकं सोपं होतं ते. लेड ऑफ, दोन शब्द. पॅकिंगवाल्याने मान वर केली, ओळखून हात हलवला आणि परत काचेत डोळा घातला. कुणाचंच काही बिघडलं नाही.

बाईने टेबलावरची यादी उचलली आणि बोट खाली नेत माझं नाव शोधू लागली. "तुमचं नाव दिसत नाही."

"नाही. ते नसणार."

"ती माझ्याबरोबर आहे," जोडीदारीण तिच्या त्या आवाजात म्हणाली, म्हणजे सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. "पाच मिनिटं." तिने स्टुलावरचा कोट उचलून मांडीवर घेतला. बाईने यादी खाली ठेवली आणि दुसऱ्या टेबलाकडे वळली.

मी बसले. बोटं आपोआप बारीक स्क्रूवर गेली. हा सैल नव्हता. थोडं फिरवलं, धुकं हललं, आणखी थोडं फिरवलं आणि रक्तातल्या पेशींच्या गुलाबी चकत्या एकदम कडेपर्यंत स्पष्ट झाल्या. किती वेळ बघत होते सांगता येत नाही.

मग उठले. चष्मा तिच्यापुढे ठेवला. तिच्या मांडीवरचा कोट घेऊन परत स्टुलावर पसरला, बाह्या सारख्या केल्या, आणि खाली गाडीत जाऊन बसले. क्लास सुटायला अजून दीड तास होता.